बिअरच्या पिंपातला गॅस जातो कुठे

सिलिंडर रिकामा झालाय हे मला सकाळच्या चहाच्या आधी कळलं. काही बातम्या माणसाला चहानंतरच कळाव्यात असं माझं मत आहे, पण ते काट्याला कोण सांगणार? तो सरळ शून्यावर जाऊन बसला होता, दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसलेल्या साहेबासारखा. उठायचं नावच नाही.

आता हा काटा कुठला, ते सांगतो. आमच्या गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून मी एक नळ बसवला होता. फ्रिजच्या आत स्टीलचं उभं पिंप, पिंपात मी स्वतः बनवलेली बिअर, आणि शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, ज्याच्या तोंडाशी दाब दाखवणारा हा काटा. सिलिंडरचा गॅस नळीतून पिंपात जातो, बिअरमध्ये मुरतो, बिअरला फेस येतो, आणि बाहेरून नळ ओढला की ती ग्लासात उतरते. निदान ज्या माणसाच्या व्हिडिओत पाहून मी हे सगळं उभारलं, त्याच्या ग्लासात तरी ती उतरत होती. माझा गॅस मात्र सिलिंडरमधून निघत होता आणि पिंपात न जाता कुठेतरी परस्पर जात होता. कुठे, ते सांगत नव्हता.

इतकी वर्षं मी बिअर बाटल्यांत भरत आलो. बाटल्या धुवाव्या लागतात, एवढीच त्यातली अडचण. ती अडचण माझी बायको ग्लेनिस हिच्या स्वयंपाकघरात, तिच्या ओट्यावर आणि बहुतेक वेळा तिच्या सुट्टीच्या दिवशी उभी राहायची. त्यामुळे पिंपाची कल्पना माझी असली तरी तिला पाठिंबा घरातून होता. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे तो पाठिंबा काढून घेण्यात आला.

एरवी मी सिलिंडर गेला म्हणून इतका हबकलो नसतो. पण आठवडा इवर्टचा होता.

इवर्ट पास्को आमच्या शेजारच्या घरात राहायचे. आयुष्यभर आमच्या बॅलरॅट शहरात पोस्टमन होते, आणि निवृत्त होऊनही कुठल्या घराच्या पत्रपेटीचं झाकण अडकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. बायको गेल्यावर एकटेच राहिले. आता गुडघे साथ देईनात, तेव्हा मुलीने त्यांना कायमचं ऑस्ट्रेलियाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला न्यायचं ठरवलं. रविवारी विमान होतं. गल्लीत निरोप समारंभाची कुजबुज सुरू झाली आणि ती कानावर जाताच इवर्टनी दारोदार जाऊन सांगितलं की असलं काही केलंत तर मी शुक्रवारीच निघून जाईन. पोस्टातल्या निरोपाच्या वेळी साहेबांचं भाषण सुरू असताना ते संडासला जाऊन येतो म्हणाले होते आणि थेट घरी आले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा धमकी पोकळ नव्हती.

मी मधला मार्ग काढला. कुंपणावरून सहज म्हणालो, "इवर्ट, शनिवारी दुपारी नव्या पिंपातली बिअर चाखायला या."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बिअरच ना?"

"बिअरच."

"मग येतो. बिअर नसली तर नाही येणार."

गल्लीतल्या बाकीच्यांनी त्याच वेळी योगायोगाने टपकायचं, असं गुपचूप ठरलं. म्हणजे सगळा मामला त्या पिंपावर येऊन ठेपला होता आणि काटा शून्यावर होता.

सिलिंडर भरून आणायला गेलो. दुकानातल्या माणसाने सिलिंडरच्या मानेवर ठोकलेला शिक्का बोटाने पुसला, वाचला आणि सिलिंडर माझ्याकडे परत सरकवला. म्हणाला, चाचणीची मुदत संपलीय, भरता येणार नाही. मी म्हणालो, चाचणी करून द्या. तो म्हणाला, इथे होत नाही, मेलबर्नला पाठवावा लागतो, परत यायला महिना तरी. मी त्याला इवर्टचं सगळं सांगितलं. गुडघ्यांपासून पर्थपर्यंत. त्याने ते मन लावून ऐकून घेतलं आणि शेवटी अतिशय हळुवारपणे म्हणाला, "तुमचं सगळं पटतंय मला. पण नियम आहे."

हे वाक्य कानावर पडताच मला काहीतरी टोचलं. मी नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर बसतो. हेच वाक्य, याच हळुवारपणे, मी रोज म्हणतो. आजवर माझी समजूत होती की ऐकणाऱ्याला त्याने धीर येतो. तो येत नाही, हे मी इथे जाहीर करतो. खिडकीच्या त्या बाजूने हे वाक्य फार वेगळं ऐकू येतं.

रिकामा सिलिंडर काखेत घेऊन परतलो तर समोरच्या घरातला थानासिस गुलाबांना पाणी घालत होता. थानासिसचे आईवडील ग्रीसहून आले, आणि तो अंगणातल्या द्राक्षांची वाईन बनवतो. त्यामुळे माझ्या बिअरविषयी त्याला कायम एक प्रकारची दया वाटते. त्याने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या द्राक्षांना गॅस लागत नाही. ती आपली आपण करतात सगळं. तुझ्या पेयाला इतकी नळकांडी लावावी लागतात म्हणजे त्याची प्रकृतीच बरी नाही." असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत जाऊन आपल्या चुलतभावाला फोन केला. त्याच्या भावाचं मासे तळून विकायचं दुकान आहे, तिथे थंड पेयांच्या यंत्राला असाच गॅस लागतो. एक जादा सिलिंडर पडून होता. सोमवारी परत द्यायचा या बोलीवर मिळाला. थानासिसची मदत अशी असते. आधी अपमान होतो, मग काम होतं, आणि तक्रार कशाची करावी ते कळत नाही.

तो सिलिंडर माझ्या खांद्याला लागेल एवढा होता. गाडीत मागे मावेना म्हणून पुढच्या सीटवर तिरका बसवून त्याला पट्टा लावला. गल्लीत शिरताना नोरीन फिच दिसली. नोरीन कोपऱ्यावरच्या घरात मांजरासह राहते आणि गल्लीच्या मोबाइल ग्रुपची प्रमुख आहे. कचऱ्याचा डबा कोणी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला हे ज्याने ठेवला त्याच्या आधी तिला समजतं. तिने वाकून माझ्या शेजारी पट्टा बांधून बसलेल्या त्या उंच, राखाडी प्रवाशाकडे पाहिलं. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

आता गळती शोधायची. शास्त्र असं की जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. मी ग्लेनिसचा भांड्यांचा साबण आणि तिचा इस्त्रीच्या वेळी पाणी मारायचा फवारा घेतला आणि एकेक जोड भिजवला. नळी पिंपाला जिथे मिळते तिथे इवलेसे बुडबुडे दिसले. पट्टी ढिली होती. आवळली. बुडबुडे थांबले. मी ग्लेनिसला बोलावून न येणारे बुडबुडे दाखवले. ती म्हणाली, छान, आता माझा फवारा धुऊन ठेव.

त्या समाधानात मी सिलिंडर फ्रिजशेजारी उभा करून, गॅरेजची खिडकी उघडी टाकून झोपलो. सकाळी पाहतो तर काटा पुन्हा खाली. शून्यावर नव्हता, पण त्याची वाटचाल तिकडेच चालली होती. मी हाय खाल्ली. ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं, जे मनाच्या बाबतीत खरंच होतं, आणि सगळा संसार सुटा केला. नळ्या, पट्ट्या, झडपा, रिंगा, वॉशर, सगळं ग्लेनिसच्या एका टॉवेलवर मांडलं. ते मांडून झाल्यावर, म्हणजे सर्व उलगडून बसल्यावर, मी त्या व्हिडिओवाल्याचं पुढचं प्रकरण पाहिलं. त्यात तो हसतहसत सांगत होता की सिलिंडर गारठला की काटा आपोआप उतरतो, नवखी माणसं उगाच घाबरतात आणि चांगले जोड खोलून बसतात. रात्री बाहेर दवाचं बर्फ झालं होतं.

मग टॉवेलवरचं सगळं परत जोडलं. जोडताना सगळं जागच्या जागी गेलं असं मला वाटलं. पण चालू करताच कुठूनतरी बारीक सुस्कारा येऊ लागला. माणूस मनातल्या मनात चिडला की नाकातून सोडतो तसला. फवारा मारला तर तो फवाऱ्याच्या आवाजात विरायचा. इकडे कान लावला की तिकडे वाटायचा. ग्लेनिस म्हणाली की तो आवाज तिला लग्नापासून माझ्या झोपेत ऐकू येतो. थानासिस येऊन ऐकून गेला आणि पिंपाच्या झाकणाच्या रबरी रिंगेला ऑलिव्हचं तेल लावायचा सल्ला देऊन गेला. मी ते लावलंही. तेलाने बिअरचा फेस मरतो, हे नंतर वाचलं. वाचन आणि कृती यांचा क्रम माझ्या बाबतीत कायम उलटा राहिला आहे.

शनिवार उजाडला. व्हिडिओवाल्याचा शेवटचा उपाय उरला होता: अख्खं पिंप पाण्यात बुडवायचं. एवढं पाणी आमच्या घरात एकाच ठिकाणी मावतं. मी न्हाणीघरातला टब भरला, पिंप त्यात आडवं घातलं, मासेवाल्याचा सिलिंडर ओढत आणून टबाशेजारी उभा केला आणि नळी जोडली. बाहेर बोचरी थंडी होती म्हणून खिडकी लावली, आणि ग्लेनिसने पाहू नये म्हणून दारही. बसण्याआधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून गल्लीच्या ग्रुपवर संदेश टाकला. त्या संदेशावर पुढे इतकी चर्चा झाली की तो जसाच्या तसा देतो: "माझ्या घरात गॅस गळतोय. कुठून ते सापडत नाही. कोणाला यातलं काही कळत असेल तर ताबडतोब या."

बिअर हा शब्द घातला नाही, कारण इवर्टही ग्रुपवर होते आणि त्यांना काळजी वाटू नये अशी माझी इच्छा होती.

मग मी गुडघ्यांवर बसून, गाल पाण्याला टेकवून बुडबुड्यांची वाट पाहू लागलो. सुस्कारा इथे चांगला मोठा येत होता. डोकं जड झालं होतं, जांभया येत होत्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं मनात आलं. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग झाकणाच्या कडेतून बुडबुड्यांची एक माळ वर आली. मोत्यांची असावी तशी. मी दार उघडून, ओल्या शर्टाने, धापा टाकत ओरडत बाहेर आलो, "गळती सापडली."

समोर माझ्याच दिवाणखान्यात शिरस्त्राण घातलेली तीन माणसं उभी होती. त्यांच्यातल्या सर्वांत ठेंगण्या बाईने एक हात वर केला, आणि रस्त्यावर कोणीतरी भोंग्यातून सगळ्यांना आणखी मागे व्हायला सांगू लागलं.

नोरीनने अग्निशमन दलाला फोन केला होता. तिने संदेश वाचला, मला फोन लावला, मी न्हाणीघरात तो उचलला नाही, आणि पुढच्या सीटवरचा तो प्रवासी तिच्या डोळ्यांपुढे आला. ठेंगण्या बाई त्या तुकडीच्या अधिकारी होत्या, नाव ब्रॉन्विन. त्यांनी सगळी गल्ली रिकामी करवली होती. मी त्यांना समजावू लागलो की हा घराघरांत पाइपने येणारा चुलीचा गॅस नव्हे, हा पेटत नाही, हा बिअरचा गॅस आहे. त्या ऐकत ऐकत न्हाणीघरापर्यंत गेल्या, हातातलं यंत्र आत धरलं, त्यावरचा आकडा पाहिला आणि आत न शिरताच मागे फिरल्या. एका माणसाने तोंडाला मुखवटा लावून आत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली.

"दार लावून बसला होतात?" त्यांनी विचारलं.

"थंडी होती म्हणून."

"डोकं दुखत होतं? झोप येत होती?"

मी चष्म्याच्या नंबरबद्दल सांगू लागलो. ब्रॉन्विनबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "हा गॅस पेटत नाही. तो जमिनीलगत साठतो आणि माणूस झोपतो. मग उठत नाही. तुम्ही अजून थोडा वेळ खाली वाकून बसला असतात तर मी आज तुमच्या बायकोशी बोलत असते, तुमच्याशी नाही."

ग्लेनिस तोवर दारात आली होती. तिने हे ऐकलं. टॉवेलवरून, टबावरून, फवाऱ्यावरून तिला बोलण्यासारखं खूप होतं आणि ते तिने तयारही ठेवलं असणार. पण तिने स्वतःचा कोट काढून माझ्या ओल्या शर्टावर घातला आणि त्याची बटणं लावू लागली. वरचं बटण खालच्या काजात घातलं. मग सोडून पुन्हा लावलं. मी तिचे हात पाहत उभा राहिलो. मला त्या वेळी प्रथमच भीती वाटली.

ब्रॉन्विनबाईंनी आमची सगळी सामग्री बाहेर काढायला लावली. रेग्युलेटर सिलिंडरला बसतो तिथला वॉशर जागेवर नव्हता, तो सुस्कारा तिथला होता. वॉशर ग्लेनिसला टॉवेलच्या घडीत मिळाला. झाकणाची रिंगही दुमडली होती. म्हणजे गळत्या दोन होत्या, आणि त्यातली एक मी स्वतः तयार केली होती. पण मग घरी जाता येईल का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या की तक्रार 'गॅस गळती' अशी नोंदली गेली आहे. आता गॅस कंपनीचा माणूस येऊन प्रत्येक घराचं मीटर तपासेपर्यंत कोणालाही आत सोडता येणार नाही. तो गीलाँगहून निघालाय. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "तुमचं पटतंय मला. पण नियम आहे."

मी मान डोलावली.

रस्त्याच्या कडेच्या हिरवळीवर अख्खी गल्ली उभी होती. अत्यावश्यक तेवढंच घेऊन निघा असं सांगितलं गेलं होतं, आणि कोणाला काय अत्यावश्यक वाटतं ते त्या दिवशी उघड झालं. नोरीनच्या हातात मांजराचा पिंजरा. थानासिसने वाईनचा एक मोठा बुधला आणि मातीचा जग उचलला होता. आणि सगळ्यांच्या मधोमध, घरातल्या सपाता आणि टोपी घालून, एका खोक्यावर इवर्ट बसले होते. बाकीचं सामान बांधून झालं होतं, खुर्च्या आदल्या दिवशीच विकल्या गेल्या होत्या. खोक्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी आधी नोरीनकडे गेलो. काय म्हणायचं ते जुळवत होतो. तिचा चेहरा पडला होता. तिला वाटत होतं की तिने तमाशा केला आणि आता गल्लीत आयुष्यभर हसं होणार. मी तिला ब्रॉन्विनबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. ती पिंजरा खाली ठेवून म्हणाली, "तू फोन उचलत नव्हतास ना, लिंडसे. तू नेहमी उचलतोस." मग तिला रडू आलं, आणि ग्लेनिस तिच्याजवळ जाऊन बसली.

दुपार कलली. गॅस कंपनीच्या माणसाचा पत्ता नव्हता. पिंप हिरवळीवर नुसतंच उभं होतं. सिलिंडरला हात लावायला बंदी होती आणि गॅसवाचून नळातून थेंब येणार नव्हता. थानासिसने पिंपाला फेरी मारली, मला उरलासुरला दाब सोडून द्यायला लावलं, झाकण उघडलं आणि आपला मातीचा जग सरळ आत बुडवला. बंबावर पाणी प्यायचे कागदी पेले होते, ते ब्रॉन्विनबाईंनी दिले. त्यांच्या माणसांनी मात्र ड्युटीवर म्हणून पाणीच घेतलं. पहिला पेला मी इवर्टना नेऊन दिला.

त्यांनी पेला डोळ्यांसमोर धरला. वर फेसाचं नावही नव्हतं, तेलाचा बारीक तवंग होता. त्यांनी सभोवार पाहिलं. सगळी गल्ली, पांघरुणं गुंडाळून, त्यांच्याच भोवती.

"हे सगळं माझ्यासाठी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, इवर्ट. गॅससाठी आहे."

"मग ठीक आहे," असं म्हणून ते प्यायले. तोंड वाकडं केलं. पांचट आहे म्हणाले, आणि पेला परत पुढे केला.

त्यानंतर कोणी भाषण केलं नाही. भाषणं सुचतात ती टेबलखुर्च्या असताना, सपाता घातलेल्या माणसापुढे सुचत नाहीत. कोणीतरी त्यांना विचारलं की आपल्या घराला पूर्वी कोणता रंग होता, आणि त्यांनी सांगितला. मग दुसऱ्याने विचारलं. इवर्ट काठी टेकत उठले आणि एकेका घरासमोर जाऊन तिथे आधी कोण राहायचं, कोणाला परदेशातून पत्रं यायची, कोणाचा कुत्रा त्यांच्या पोटरीला कायमची खूण करून गेला, हे सांगू लागले. आम्ही त्यांच्या मागून पेले सांभाळत चाललो. नोरीनच्या फाटकाशी त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. थानासिसला म्हणाले, तुझी आई मला उन्हाळ्यात दर दुपारी लिंबाचं सरबत द्यायची, तुला माहीत नसेल. थानासिसला खरंच माहीत नव्हतं. तो जग घेऊन उगाच पिंपाकडे गेला. माझ्या घरासमोर ते थांबले आणि म्हणाले, "इथे पाइन आजी राहायच्या. त्यांची बिअर तुझ्यापेक्षा बरी असायची." आणि माझ्या खांद्यावर, ग्लेनिसच्या कोटावर हात ठेवून उभे राहिले.

गॅस कंपनीचा माणूस आला तेव्हा ऊन रस्त्यापलीकडे गेलं होतं. तरतरीत तरुण होता. त्याने भराभर सगळी मीटरं तपासली, ब्रॉन्विनबाईंच्या कागदावर सही केली आणि मोठ्याने जाहीर केलं की कुठेही गळती नाही, सर्वांनी घरी जायला हरकत नाही.

कोणी हललं नाही. थंडी वाढली होती, पेल्यांतली बिअर आता निव्वळ कडवट पाणी उरली होती, तरीही प्रत्येकजण जिथे होता तिथेच राहिला. त्या तरुणाला वाटलं, ऐकू गेलं नसावं. त्याने पुन्हा सांगितलं.

तेव्हा पुन्हा खोक्यावर येऊन बसलेले इवर्ट म्हणाले, "माझ्या घरामागे एक जुनं मीटर आहे. ते पाहिलंत?"

"पाहिलं, आजोबा. ते तर बंदच आहे."

"पुन्हा एकदा बघा. नीट बघा." त्यांनी रिकामा पेला थानासिसपुढे धरला. "आम्हाला काही घाई नाही."

त्या तरुणाने आमच्याकडे पाहिलं, ब्रॉन्विनबाईंकडे पाहिलं. बाईंनी शिरस्त्राण काढून बंबाच्या पायरीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसल्या. मग त्याने मिटलेली पेटी पुन्हा उघडली, त्यातला दिवा उचलला आणि इवर्टच्या घराच्या मागे सावकाश चालत गेला.